असाबी बुडाली नव्हती

बावीस वर्षं मी एका बाईला दर वर्षी नदीत बुडवलं. फेब्रुवारी आला की शेवटच्या युनिटला, दुपारच्या तासाला, वर्गभर मुलींच्या देखत. ती बुडालीच नव्हती हे मला कळलं, तेव्हा माझ्या निवृत्तीला चार महिने उरले होते. त्या दिवशी मी जी हबकले, ती अजून सावरलेली नाही. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात. मी हा लेख लिहायला बसले आहे.

आधी माझ्या मराठीबद्दल सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी नाक मुरडायला नको. आम्ही तंजावूरकडचे मराठी. पूर्वज कधी तरी फौजेबरोबर किंवा दप्तराबरोबर खाली आले आणि इथेच राहिले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ आणि नोकरीत इंग्रजी, असा आमचा तीन तोंडांचा संसार. आमच्या घरी कुणी काही 'विचारत' नाही, 'पुसतं'. पुण्याची माझी नणंद म्हणते, "वहिनी, तुम्ही बोलायला लागलात की जुनं पत्र वाचतंय कुणी असं वाटतं." तिनेच दर वर्षी दिवाळी अंक पाठवून पाठवून मला ही पुस्तकी मराठी शिकवली. तेव्हा इथे काही वेडंवाकडं दिसलं तर बोल तिला लावा.

मी कुंभकोणमच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. कॉलेजचं नाव सांगत नाही. गावात शिकलेल्याला ते कळेल, आणि न शिकलेल्याला त्याचं काय करायचंय? मुली आजूबाजूच्या गावांतल्या. तिरुनीलक्कुडी, नाचियार्कोविल्, तिरुविसनल्लूर. भाताची शेतं ओलांडून बसने यायच्या, वेणीत मोगरा आणि डब्यात दहीभात. बहुतेकींच्या घरात इंग्रजीचा पहिला शब्द त्यांच्याबरोबरच शिरलेला. अशा मुली इंग्रजी साहित्यात बी.ए. करतात, तेव्हा ते शिकवायचं कसं, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. सांगते.

वाक्य इंग्रजीत वाचायचं, तमिळमध्ये समजावायचं आणि मग 'नोट्स' इंग्रजीत सांगायच्या. मुली त्या उतरवून घेतात, पाठ करतात आणि परीक्षेत ओततात. पुस्तक कुणी उघडत नाही. उघडलं तर निम्मे शब्द अडतात, आणि सेमिस्टर काय थांबून राहतं? याला तुम्ही पोपटपंची म्हणाल. म्हणा खुशाल. याच पोपटपंचीवर माझ्या कितीतरी मुली आज शाळांत शिकवतात, बँकेत बसतात, एक तर कोर्टात काळा कोट घालून उभी राहते. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी काही सोडणार नाही.

आमच्या एका पेपरात पाऊण भाग साहित्य आणि पाव भाग व्याकरण. साहित्यात एक आफ्रिकन कादंबरी होती. तिचंही नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्या लेखिकेवर आम्ही पुरेसा अन्याय केलेला आहे. कथा एका नदीकाठच्या गावातली. असाबी नावाची विधवा नावेने लोकांना पार नेते. नवरा गेल्यावर दीर म्हणतो, नाव माझी. गावची पंचायत दिराच्या बाजूने. असाबीची मुलगी नदीपलीकडच्या शाळेत जाते, तेही गावाला खुपतं. माझ्या मुलींना ही गोष्ट फार आवडायची. चिंचेखालची पंचायत, खोकणारे म्हातारे, कोपऱ्यात उभी असलेली बाई, यात परकं काय आहे? "मॅम, हे आमच्याच गावात झालंय," असं दर वर्षी कुणी तरी म्हणायचंच. त्या तिला 'असाबी अक्का' म्हणायच्या.

आणि शेवटी असाबी अक्का नदीत पाऊल टाकायची. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. इथे मी आवाज खाली आणायचे आणि वही मिटायचे. मुली पदराने, म्हणजे आता ओढणीने, डोळे पुसायच्या. हे मी माझ्या सरांकडून उचललं होतं. मी स्वतः त्या कॉलेजात शिकत होते तेव्हा आमचे म्हातारे सर ही कादंबरी शिकवायचे. येरझाऱ्या घालत नोट्स सांगायचे, आणि पाणी छातीला लागलं की ते स्वतःच रडायला लागायचे. सर गेले. त्यांचा फोटो आमच्या विभागात लागला, आणि त्यांच्या नोट्सची माझ्या सुवाच्य अक्षरातली वही माझ्याकडे राहिली. त्याच नोट्सवरून आमच्या विभागप्रमुखांनी, तेही सरांचेच विद्यार्थी, एक गाइड छापलं. ते आसपासच्या सगळ्या कॉलेजांत चालायचं. अभ्यासक्रम बदलले, पेपरचं नाव दोनदा बदललं, कादंबरी मात्र राहिली. कारण नोट्स तयार होत्या.

मी ती कादंबरी वाचली होती का? तीन प्रकरणं. नोकरीच्या पहिल्या वर्षी सुरू केली होती, मग मुलगा झाला, मग पेपर तपासणी आली, मग वही होतीच.

व्याकरणसुद्धा मी त्याच गोष्टीवर शिकवायचे, आणि ही माझी स्वतःची युक्ती. व्याकरणाच्या पुस्तकातली रामू-सोमूची वाक्यं मुलींना मेल्याहून मेली वाटायची. मग मी फळ्यावर लिहायचे, 'कोळ्यांना तिचं प्रेत सापडलं.' कर्मणी प्रयोग करा! 'ती नदीत गेली नसती, तर ती जगली असती.' अशी आणखी पाच वाक्यं करून आणा! मुली ती जर-तरची वाक्यं पटापट करायच्या. मी मनात म्हणायचे, यमुनाबाई, एका दगडात दोन पक्षी मारावेत ते तुम्हीच.

त्या शेवटच्या वर्षी वर्गात तेन्मोळी होती, नाचियार्कोविल्ची. वडील तिथल्या पितळी दिव्यांच्या कारखान्यात साचे करायचे. मुलगी बारीक, काळीसावळी, बोलण्यात कमी आणि बघण्यात जास्त. तिसऱ्या बाकावर बसायची. प्रेताचं वाक्य फळ्यावर लिहिलं त्या दिवशी तिने हात वर केला.

"मॅम, हे कुठल्या पानावर आहे?"

"काय?"

"कोळ्यांना प्रेत सापडतं ते. पान कुठलं?"

वर्गात कुणी तरी फिसकन हसलं. बावीस वर्षांत मला पान कुणी पुसलं नव्हतं. उकाडा होता, पुढे दोन तास होते, आणि माझी जीभ तुम्हाला एव्हाना कळलीच असेल. "पान परीक्षेत विचारत नाहीत, अम्मा," मी म्हटलं. "परीक्षेत ती मेलेली आहे, तेवढं पुरे. बैस." सगळा वर्ग हसला. ती बसली. मीही हसले.

एप्रिलमध्ये परीक्षा झाली आणि मे महिन्यात तपासणी. हे प्रकरणही एकदा सांगितलंच पाहिजे. उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकून वर एक खोटा नंबर घालतात. एका मोठ्या हॉलमध्ये आम्ही सगळे बसतो, पंखे वरून गरम वारा टाकतात, मधून मधून ताकाचे ग्लास येतात. गठ्ठा संपला की दुसरा. अशा वेळी कुणी उत्तर 'वाचत' नाही, हे छापायला हरकत नाही, मी आता निवृत्त आहे. आम्ही शब्द शोधतो. 'शोकान्त नायिका' आहे? टिक. 'नदी मृत्यूचं प्रतीक' आहे? टिक. 'बुडाली' आहे? टिक. मार्क घातले, पान उलटलं.

त्या मेमध्ये एक पेपर हातात आला आणि मी भडकले. व्याकरण सगळं बरोबर, एक मार्क कापायला जागा नाही. पण कादंबरीवरच्या मोठ्या प्रश्नाला तब्बल आठ पानं लिहिलेली, आणि त्यात काय, तर असाबी शोकान्त नायिका नाहीच, असाबी मरत नाही, ती पोहते, ती पलीकडे जाते. दुसऱ्या प्रश्नात नदी म्हणजे मृत्यू नव्हे म्हणून आणखी तीन पानं. त्या भरात शेवटचा पाच मार्कांचा प्रश्न सोडवायचाच राहिलेला. मी शेजारच्या बाईंना दाखवलं. "बघा, सिनेमा बघून येतात आणि लिहितात!" त्याही हसल्या. आठ पानांवर मी उभी रेघ मारली, शून्य घातलं, आणि समासात इंग्रजीत लिहिलं, 'पुस्तक वाचलेलं नाही.' खाली दोन रेघा ओढल्या. मी रागावले की दोन रेघा ओढते.

जूनच्या मध्याला, दुपारी, तेन्मोळी विभागात आली. खोलीत मी एकटीच होते. ती नापास झाल्याचं मला कळलेलं होतं आणि खरं तर मला चुटपुट लागलेली होती, कारण बाकी सगळ्या पेपरांत ती वरच्या पाचात. नापासाला आमच्याकडे 'अरियर' म्हणतात, आणि चांगल्या मुलीला एक अरियर लागणं म्हणजे नव्या साडीला डाग. तिला त्रिचीच्या एका कॉलेजात एम.ए.ला जागा मिळाली होती, पण सगळे पेपर सुटलेले असले तरच. महिनाअखेरपर्यंत मुदत.

"पुढच्या वेळी सोडव," मी म्हटलं. "सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"सहा महिने नाहीत, मॅम. अप्पांच्या कारखान्याच्या मालकाचं दुकान आहे. परदेशी लोक दिवे घ्यायला येतात, त्यांच्याशी इंग्रजी बोलायला मुलगी हवी आहे. अप्पा म्हणतात, पुढच्या महिन्यापासून बैस."

"मग बस वर्षभर. दुकानात बसण्यात कमीपणा आहे?"

"माझी अक्का पण वर्षभरासाठीच शिक्षण सोडून बसली होती," ती म्हणाली. "सात वर्षं झाली."

तिने पिशवीतून एक पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. ती कादंबरी. पण आमच्या लायब्ररीतली नव्हे, तिला तर पुठ्ठाही उरला नव्हता. ही जुनीच पण धडधाकट. तिचा मामा चेन्नईत टॅक्सी चालवतो, त्याने तिथल्या फुटपाथवरून आणून दिलेली. एका पानात बसचं तिकीट खोचलेलं होतं.

"वाचा ना, मॅम. थोडंच आहे."

मी वाचायला लागले. पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. सगळं सरांचं, शब्दन्‌शब्द ओळखीचा. पान संपलं. मी वही मिटायच्या सवयीने पुस्तक मिटणार, तर पुढे पान होतं. आणि पुढच्या पानावर असाबीने हात मारला आणि ती पोहायला लागली! दोर तुटून नाव प्रवाहाला लागलेली, ती नाव धरायला ती पाण्यात उतरलेली. जीव द्यायला नव्हे हो, नाव धरायला! ती नाव धरते, पलीकडे जाते, शाळेतून मुलीला घेते, आणि दोघी मिळून नाव परत गावाच्या घाटाला लावतात, सगळी पंचायत बघत असताना. एकोणचाळीस पानं. मी ती सगळी तिथेच वाचली. समोर तेन्मोळी उभी होती, तिला बस म्हणायचंही मला सुचलं नाही.

मग मी उठून लायब्ररीत गेले, कपाट उघडायला लावलं आणि आमची प्रत काढली. सरांची प्रत. वाळवीने मागची पानं केव्हाच खाल्ली होती, आणि कुणी शहाण्याने उरलेलं नीट शिवून ठेवलं होतं. शेवटच्या पानावरची शेवटची ओळ, पाणी छातीला लागलं. सर रडले होते ते तिथे. पुढे पानच नसल्यावर ती बुडाली असंच त्यांना वाटलं असणार. प्रेत सापडणारे कोळी त्यांचे, की विभागप्रमुखांचे, की माझेच, देव जाणे. लायब्ररियनने खुर्ची दिली.

परत आले तेव्हा तेन्मोळीने टेबलावर तिच्या उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मांडून ठेवली होती. मुलींना ती मागवता येते. मी पहिलं पान पाहिलं, पान क्रमांकांसकट लिहिलेलं. त्यावर उभी रेघ आणि शून्य. मेमधले शेकडो पेपर मी केव्हाच विसरलेले, माझं डोकंच फिरलं. "कुठल्या गाढवाने तपासलंय हे?" मी ओरडले. "इतकं लिहिलंय पोरीने, आणि हा माणूस..."

आणि मला त्या दोन रेघा दिसल्या.

फोटोकॉपीत लाल शाई काळी दिसते. अक्षर मात्र अक्षर असतं. मी त्या ओळीकडे बघत राहिले. तीन वर्षं तिच्या वह्यांवर माझे शेरे होते, 'छान', 'आणखी लिही', 'वाक्यं तोड'. तिने ते अक्षर फोटोकॉपी हातात आल्याबरोबर ओळखलं असणार. मी मान वर केली तेव्हा ती जमिनीकडे बघत होती. एवढं सगळं माहीत असून ती पोर मला 'वाचा ना, मॅम' म्हणाली होती. मी दोन्ही पुस्तकं उचलली आणि उठले.

विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी दोन्ही पुस्तकं पाहिली, घाम पुसला आणि दार लावून घेतलं.

"मॅडम, तिला फेरतपासणीचा अर्ज करायला सांगा. पेपर आपल्याच माणसाकडे जाईल. आपण सांभाळून घेऊ."

"आणि तो माणूस तुमचंच गाइड घेऊन बसला तर? पुन्हा शून्य."

"मी फोन करतो ना. चार मार्कांचा तर प्रश्न आहे. पण शेवटाचं वगैरे लेखी काही नको."

"का नको?"

"इतक्या वर्षांची मुलं त्या उत्तरावर पास झालीत, मॅडम. त्यांची सर्टिफिकेटं परत मागवायची का?" मग भिंतीवरच्या फोटोकडे बघत ते म्हणाले, "आणि सरांचं काय? गेलेल्या माणसाची शोभा करायची?"

खोटं कशाला बोलू, मलाही ते सोयीचं वाटलं. माझेही चारच महिने राहिले होते. निरोपाच्या समारंभाला शाल, चंदनाचा हार, चार भाषणं, 'यमुनाबाईंचे असाबीचे तास' असं कुणी तरी बोललंच असतं. फोनवर काम होतंय तर होऊ दे, पोरीला जागा मिळाल्याशी मतलब, असं म्हणत मी घरी आले.

आमच्या घरी गोष्ट लपत नाही. ह्यांनी ताट वाढता वाढता पुसलं, "काय झालं गे? तोंड असं का?" मी सगळं सांगितलं, विभागप्रमुखांच्या फोनसकट. हे आयुष्यभर पोस्टात होते, फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे तिने बरोबर लिहिलं, आणि पास व्हायचं ते वशिल्याने?"

मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परीक्षा नियंत्रकांच्या नावे पत्र लिहिलं. तीनच वाक्यं होती. या पेपरची परीक्षक मी होते. ही कादंबरी मी शेवटपर्यंत वाचलेली नव्हती आणि या विद्यार्थिनीने वाचली होती. सोबत दोन्ही प्रती जोडल्या आहेत, परीक्षा मंडळाने स्वतः वाचून निर्णय द्यावा. सही केली आणि दुसऱ्या कुणाच्या हातात न देता स्वतः नेऊन दिलं.

मंडळाची सभा बसली. कुणी रागावलं, कुणी हसलं, कुणी म्हणालं निवृत्तीच्या वेळी बाईंचं डोकं फिरलंय. आणि मग जो ठराव झाला तो ऐकून मी आ वासला. सदर कादंबरीच्या शेवटाबाबत दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत! म्हणजे असाबी बुडाली असं लिहिलं तरी मार्क, जगली असं लिहिलं तरी मार्क. अहो, बाई एक आणि ती एकाच नदीत मेली पण आणि जगली पण! मी म्हटलं, धन्य आहात. पण पेपर पुन्हा तपासला गेला, कादंबरी वाचलेल्या एका बाहेरच्या बाईंकडून, आणि तेन्मोळी नुसती पास नव्हे, तर पेपरात पहिली आली. मुदत संपायला दोन दिवस होते. विभागप्रमुखांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सकाळची कॉफी आम्ही दोघं मिळून मागवायचो, तीही मग मी एकटीच मागवू लागले.

इथे लेख संपायला हवा होता. मलाही वाटलं होतं, संपलं.

तेन्मोळी दाखला न्यायला आली, तर चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "आता काय गं? त्रिचीला जायचं ना?"

"अप्पा नाही म्हणतात."

"पास झालीस की!"

"ते म्हणतात, मार्क तुम्ही दया म्हणून दिले. मी तुमच्याकडे जाऊन रडले म्हणून. त्या ओळीमुळे, मॅम. फोटोकॉपी घरी आली तेव्हा त्यांनी मालकाकडून तिचा अर्थ लावून घेतला होता. ती ओळ अजून तिथेच आहे."

आम्ही दोघी दुपारच्या बसने नाचियार्कोविल्ला गेलो. कारखाना म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. दाराशी कावेरीच्या मातीचा ढीग, आत भट्टी, आणि एका कडेला दिव्यांचे नुसते पाय, नुसत्या तबकड्या, वरचे हंस, सगळे वेगवेगळे पडलेले. तिचे वडील मातीचा साचा लिंपत होते. मला बघून ते झटकन उठले, कोपरापर्यंत मातीचे हात त्यांना जोडताही येईनात. आत बोलावलं, स्टूल पुसून दिलं, सोडा आणायला कुणाला तरी पिटाळलं.

मी सरळच सांगितलं. म्हटलं, चूक तिची नाही, माझी आहे. ते मान डोलवत राहिले. माणूस मोठ्या मनाने दुसऱ्याचा दोष अंगावर घेतो तेव्हा आपण जसं आदराने ऐकतो, तसे ते ऐकत होते. त्यांचा एका शब्दावरही विश्वास बसलेला नव्हता.

"टीचरम्मा, तुमचं मन मोठं आहे," ते म्हणाले. "पण टीचर कशाला चुकतील? तुम्ही हाताने लिहिलंय, पुस्तक वाचलेलं नाही. ही पोर ओट्यावर बसून सारखी वाचत असायची, नाव वाहत चाललेल्या बाईची गोष्ट आहे म्हणायची. मी हिच्या आईला सांगायचो, तिला काम सांगू नको, ती अभ्यास करतेय. मग मालकाने त्या ओळीचा अर्थ सांगितला. म्हणजे इतके दिवस ही वाचत होती तरी काय? मला फसवलं ना हिने?" त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "मी कधी मुलींवर हात उचलला नव्हता, टीचरम्मा. त्या दिवशी उचलला. आता सांगा, चुकलं का माझं?"

तेन्मोळी भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने हे मला सांगितलेलं नव्हतं. बसमध्ये अर्धा तास शेजारी बसून सांगितलेलं नव्हतं. माझ्या गालावर कुणी तरी सणसणीत लगावल्यासारखं झालं, आणि लाज वाटली, अशी की या वयात पुन्हा कुणाला वाटू नये.

"तो कागद आणा," मी म्हटलं.

तो दिव्यांच्या हिशेबाच्या खिळ्याला लावलेला होता. तिच्या वडिलांनी मातीच्या हातांनी दोन बोटांत धरून आणला. मी पर्समधून लाल पेन काढलं. ओळ खोडावी असं आधी वाटलं, पण खोडलेली ओळ म्हणजे पुन्हा दयाच. त्या माणसाला तमिळ वाचता येत होतं. मी इंग्रजी ओळीखाली तीच ओळ तमिळमध्ये लिहिली, 'पुस्तक वाचलेलं नाही.' आणि तिच्यापुढे, मोठ्या अक्षरांत, शाळेतल्या मुलांचं नाव लिहितात तसं, कुणी वाचलेलं नाही ते लिहिलं: आर. यमुनाबाई. मग खाली दोन रेघा ओढल्या.

त्यांनी तो कागद दाराच्या उजेडात नेला आणि अक्षर अक्षर लावून वाचला. मग पुन्हा वाचला. मग कागद खाली ठेवला, आणि मातीचे हात पंच्याला पुसत पुसत मुलीकडे वळले.

"मग," त्यांनी तिला पुसलं, "त्या बाईने नाव धरली का?"